ताराबाईंचं कापड

ताराबाईंवर लिहा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. त्या गेल्या तेव्हा पक्षाच्या मंडळींनी एक लहानशी स्मरणिका काढली. तिच्यासाठी दोघे जण भद्रावतीला माझ्या घरी येऊन बसले होते. मी डोळ्यांचं कारण सांगितलं आणि त्यांना चहा पाजून परत पाठवलं. डोळे माझे अजून बरे आहेत. मला लिहायचं नव्हतं, कारण ताराबाईंवर लिहायचं तर चैतूच्या मयतीचा दिवस टाळता येत नाही. तो दिवस लोकांना जसा माहीत आहे तसा तो नव्हता. खरं काय ते दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक माणूस गेलं. दुसरा मी, आणि मीही आता पिकलं पान आहे.

ताराबाई आमच्या पक्षाच्या जिल्हाध्यक्ष होत्या. पक्ष लहान, दोन जिल्ह्यांना मिळून एकच अध्यक्ष. मुंबईत त्याला कोणी विचारत नसे, पण सावलीच्या धानपट्ट्यापासून भामरागडच्या जंगलापर्यंत लोक त्याला 'ताराबाईची पार्टी' म्हणत. पक्षाचं खरं नाव पुष्कळांना सांगता येत नसे. त्या सावलीजवळच्या एका खेड्यातल्या. घरची धानाची शेती, नवरा लवकर वारलेला, मुलगी लग्न होऊन चंद्रपूरला. स्वतः कधी मोठ्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. "मी उभी झाली तं फिरन कोण?" असं म्हणत. उमेदवार दर वेळी दुसराच असे आणि त्याच्यासाठी फिरत ताराबाई.

मी भद्रावतीच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि त्यांच्याकडे प्रचाराचं काम पाहू लागलो. गाड्या कुठे जातील, सभा किती वाजता, परवानगी कोणाकडून आणायची हे सगळं माझ्याकडे. माझी सवय कारखान्याच्या भोंग्याची. ताराबाईंना घड्याळाचं वावडं. एखाद्या गावात पोचल्या की स्टेजकडे न जाता त्या आधी एखाद्या अंगणात शिरत आणि तिथल्या बाईला विचारत, "काय शिजवलंस व?" भाजीचं नाव ऐकल्याशिवाय पुढची गोष्ट नाही. मी गाडीपाशी घड्याळ दाखवत उभा.

"बाई, पुढच्या गावचे लोक वाट पाहत असतील."

"पाहू द्या जी. त्याइले माहीत हाये मी उशिरा येतो म्हणून. टायमावर गेली तं दुसरीच कोणी आली म्हणतीन."

'मत द्या' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. निघताना त्या एवढंच म्हणत, "पाहा बावा, तुमाले जसं वाटन तसं." गाडीत त्या ड्रायव्हरच्या बाजूला बसत नसत, समोर बसलं की माणूस साहेब होतो, असं त्यांचं मत. मागच्या बाकावर, खिडकीशी, पाय वर घेऊन बसायचं. दार लागलं की झोप. आणि पुढच्या गावाची पहिली कौलं दिसली की जागं. मध्ये कोणी उठवायचं नाही.

निवडणुकीचे शेवटचे दिवस पुढाऱ्यांचे हाल करतात, हे बाहेरून कळत नाही. पोस्टरवरचा चेहरा तोच राहतो, खालचं माणूस उतरत जातं. आवाज जातो. पाय सुजतात. पहिल्या दिवशी गाडीभर असलेले कार्यकर्ते शेवटच्या आठवड्यात दिसेनासे होतात. कोणाची सासू आजारी पडते, कोणाची मोटारसायकल बिघडते, आणि दोन दिवसांनी तेच लोक दुसऱ्याच्या गाडीवर झेंडा धरून दिसतात. ताराबाई त्यांना ओळख दाखवत. "सासू कशी हाये रे?" असं भर रस्त्यात गाडी थांबवून विचारत. तो बिचारा झेंडा पाठीमागे धरी. त्या हसत आणि तोंडात हिरड्याचा तुकडा टाकत. घशासाठी त्यांचं औषध तेवढंच.

एकदा भामरागडकडे जाताना विरोधी पक्षाच्या उमेदवाराची गाडी नदीच्या रेतीत रुतलेली दिसली. प्रचाराचे शेवटचे दोन दिवस, ऊन डोक्यावर, तो भला माणूस चाकामागे दगड लावत होता. आमचा ड्रायव्हर गाडी बाजूने काढू लागला. ताराबाई जाग्या झाल्या. "थांब. अन् आधी तो भोंगा बंद कर." भोंग्यावर आमच्या पक्षाचं गाणं सुरू होतं. मग आमच्या जीपला दोर बांधून ती गाडी ओढली. उमेदवार हात जोडून म्हणाला, "ताराबाई, तुमचे उपकार."

"उपकार कायचे? तुमी पडाले पायजे हे खरं हाये जी. पण रेतीत नाई."

तो मोठ्याने हसला. तो निवडून आला, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक आठवतं. आमच्या पक्षाचे मोठे नेते हेलिकॉप्टरने येणार होते. एप्रिलचा महिना. जंगलातल्या बाया मोहफूल वेचायचं सोडून आल्या होत्या, आणि त्या दिवसांत एक सकाळ बुडणं म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक. मैदानावर चुन्याचं वर्तुळ आखलं होतं, पाणी मारलं होतं. दुपार झाली, हेलिकॉप्टर आलं नाही. फोनवर कळलं, नेते दुसऱ्या जिल्ह्यात गेले, तिकडे जागा निघण्याची आशा होती. मी ताराबाईंना म्हणालो, तब्येतीचं कारण सांगू या. त्या माइकपाशी गेल्या. आवाज फुटत नव्हता.

"पाखरू येत नाई," त्या म्हणाल्या. "त्याइले दुसरीकडं काम निघालं. तुमी माह्यासाठी मोहाची सकाळ सोडून आल्या, हे माह्या ध्यानात राहीन. आता घरी जा, फुलं वाळवा."

लोक हसत उठले. एकही शिवी नाही. मुंबईहून मात्र फोन आला. सभा का बरखास्त केली, दुसऱ्या कोणाचं भाषण का ठेवलं नाही. ताराबाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या पाणी प्यायला गेल्या.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांहून वेगळा होता. तो मी पहिल्याच निवडणुकीत पाहिला. वाटेतल्या एखाद्या गावात मयत झाली असली तर त्या उतरत. पण गाडी गावाबाहेर उभी करायची. गळ्यातला पक्षाचा दुपट्टा काढून सीटवर ठेवायचा. मला, ड्रायव्हरला, सगळ्यांना काढायला लावायचा. मग पायी जायचं. मी एकदा म्हणालो, "बाई, दुपट्टा असला तर बिघडतं कुठे? लोकांना दिसेल तरी की आपण दुःखात आलो."

त्या चालता चालता थांबल्या. "वसंतभाऊ, रडत्या घरात निशाणी नेऊ नये. त्या घरात आज कोणाचंच मत नसते."

मी मान डोलावली. मला ते त्या वेळी नीट कळलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे जे केलं ते न कळून केलं नाही.

आता चैतू. भामरागडच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून आत, एका माडिया गावात तो राहायचा. ताराबाईंपेक्षा थोडा मोठा. त्या पहिल्यांदा या भागात आल्या तेव्हा पूर आला, रस्ता तुटला आणि त्या चैतूच्या घरी पाणी ओसरेपर्यंत राहिल्या. त्याच्या बायकोबरोबर धान कांडलं, त्याच्या पोरांची डोकी विंचरली. तेव्हापासून चैतू त्यांना बहीण मानू लागला. आम्ही त्याला आमचा कार्यकर्ता म्हणत असू, पण खरं सांगायचं तर त्याला पक्षाशी देणंघेणं नव्हतं. दुपट्टा दिला तर तो त्याने डोकं पुसायचा. ताराबाई आल्या की तो गावाच्या वेशीवर येऊन उभा राही, "जोहार बाई" म्हणे आणि पुढचे सगळे पाडे त्यांच्याबरोबर फिरे. ज्या अंगणात चैतू त्यांना नेई, तिथे त्यांच्यासाठी बाज टाकली जाई.

त्या वर्षी लोकसभेच्या प्रचाराचे शेवटचे दिवस होते. मी आलापल्लीला कार्यालयात होतो. ताराबाई दूर सावलीकडे सभांत. आदल्याच दिवशी मुंबईच्या कार्यालयातून कोणीतरी मला फोनवर झापलं होतं. तुमच्याकडे हवाच नाही, काहीतरी लोकांच्या मनाला भिडेल असं करा, शेवटचे दोन दिवस उरलेत. सकाळी बातमी आली, चैतू गेला. ताप अंगावर काढला होता. मी ताराबाईंना फोन केला. कधी गेला, ते त्यांनी विचारलं. मग त्या म्हणाल्या, "तुमी जा आधी. गाडीवरचे झेंडे काढा. मी कापड घेऊन येतो. माह्या येण्याची वाट पाहाले सांगा."

त्या कापडाबद्दल सांगायला हवं. माडिया लोकांत मयताला भेटायला येणारा नात्याचा माणूस नवं कापड आणून मयतावर घालतो. भाऊ घालतो, बहीण घालते, सोयरे घालतात. ती सगळी कापडं मयताबरोबर जातात. ज्याचं कापड गेलं त्याचं नातं शेवटपर्यंत पोचलं, असा त्याचा अर्थ. ताराबाईंना ते नेमकं माहीत होतं. म्हणूनच प्रचार सोडून त्या एवढ्या लांबून येणार होत्या.

मी गाडीवरचे झेंडे काढले आणि मागच्या सीटवर ठेवले. तिथे पोचेपर्यंत माझ्या मनाने एक दुसराच विचार पक्का केला होता. शहरात मोठा कार्यकर्ता गेला की त्याच्यावर पक्षाचा झेंडा घालतात, तो मान समजतात. चैतूला हा मान मिळावा असं मी स्वतःला सांगितलं. त्याच वेळी मला फोटोही दिसत होता.

अंगणात चैतूला निजवलं होतं. त्याची बायको आणि इतर बाया जवळ बसल्या होत्या. मी झेंडा उलगडला आणि त्याच्या छातीवर घातला. चैतूचा धाकटा भाऊ पांडू पुढे आला. बारीक, उंच, कमी बोलणारा माणूस.

"हे काय जी?"

"पक्षाचा मान आहे."

"कापड नात्याचं असते. पार्टीचं नसते."

आसपासचे लोक उभे राहिले. मी घाबरलो. आणि मी म्हणालो, "ताराबाईंनी पाठवलंय. त्यांनीच घालायला सांगितलं."

ते नाव ऐकल्यावर पांडू मागे सरला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाईनं सांगतलं तं राहू द्या." मी मोबाइलवर फोटो काढला. गावात रेंज नव्हती. मागच्या टेकाडावर चढलं की मिळते, असं कोणीतरी मागे सांगितलेलं आठवत होतं. मी ते टेकाड चढलो. चढताना दम लागला, दोनदा थांबलो. थांबलो तेव्हाही खाली उतरावंसं वाटलं नाही. 'शेवटच्या श्वासापर्यंत पक्षाचा शिपाई' असं लिहून तो फोटो मी जिल्ह्यातल्या सगळ्या गटांवर पाठवला.

दुपार कलल्यावर ताराबाई आल्या. गाडी वेशीबाहेर ठेवून, डोक्यावर पदर, हातात नवं पांढरं कापड घेऊन पायी. त्यांच्या थोडं आधी भामरागडहून चैतूचे सोयरे आले होते आणि त्यांच्या मोबाइलमध्ये तो फोटो होता. खाली विरोधकांनी लिहिलेलं होतं, या बाईनं मढ्यावरही मत मागितलं. मोबाइल हातोहात अंगणभर फिरला. पांडूने झेंडा काढून बाजूला कुंपणावर टाकला होता.

ताराबाईंनी झेंडा पाहिला. मग मला पाहिलं. सगळं त्यांना तिथेच समजलं असावं.

पांडू समोर उभा राहिला. "बाई, हे तुमी सांगतलं काय?"

मी चार पावलांवर होतो. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं. ताराबाई थांबल्या. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी खाली पाहिलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "मीच सांगतलं."

पांडू रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. "मंग तुमचं कापड येऊन गेलं, बाई. ते आमी काढून ठेवलं. एका माणसाचं दुसरं कापड नाई घेत आमी."

चैतूच्या बायकोने एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ताराबाई मागे फिरल्या. चिंचेच्या झाडाखाली, अंगणाच्या बाहेर, त्या माती देऊन लोक परत येईपर्यंत उभ्या राहिल्या. कापड तसंच छातीशी धरलेलं. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही.

परत निघताना त्यांनी कुंपणावरचा झेंडा घेतला, झटकला, त्याची घडी केली आणि तो माझ्या हातात दिला. गाडीत दार लागल्यावर त्या झोपल्या नाहीत. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "बाई, तुम्ही 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"तुमी माहे माणूस ना? माह्या माणसानं माह्या नावानं केलं, म्हंजे मीच केलं." मग थोड्या वेळाने, "चैतूले पार्टी नोहती हो वसंतभाऊ. तो माह्यासाठी फिरे." एवढंच. पुढे आलापल्ली आलं तेव्हा म्हणाल्या, "उद्या सावलीची सभा हाये. लोक बसून राहतीन."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्यांचा आवाज संपला होता. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले आणि उमेदवाराला पुढे केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घसा बसलाय, असं त्यांना वाटलं. भोंगे बंद झाले आणि मतदानाआधी घरोघर भेटी द्यायच्या तेव्हा त्या पुन्हा भामरागडकडे गेल्या. मी नको म्हणत होतो. पाड्यापाड्यातून फिरल्या. कोणी अपमान केला नाही. पाणी दिलं. पण एकाही अंगणात बाज टाकली नाही. त्या उभ्यानेच पाणी पीत आणि "पाहा बावा" म्हणून निघत.

आम्ही हरलो. आम्ही तसेही हरणार होतो, पण त्या पाड्यांमधून पक्षाला मत पडलंच नाही म्हणायला हवं. नागपूरला बैठक झाली. मोठे नेते या वेळी आले होते. जंगलपट्टा ताराबाईंनी घालवला, एका फोटोसाठी घालवला, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. ताराबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. मी दुसऱ्या रांगेत. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायलो. त्या बैठकीत त्यांच्याकडून अध्यक्षपद काढून घेण्यात आलं. काही काळ जिल्ह्याचं काम माझ्याकडे सोपवलं गेलं आणि ते मी घेतलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या एकट्या, एसटीने, पांडूकडे जाऊन आल्या असं मला भामरागडच्या एका माणसाने सांगितलं. तेच पांढरं कापड बरोबर होतं. पांडूने त्यांना बसवलं, भात वाढला, चैतूची जागा दाखवली. कापड घेतलं नाही. "बाई, ते माह्या हातात नाई आता," असं म्हणाला म्हणे. त्या जेवल्या आणि परतल्या.

मी मधल्या काळात पुष्कळदा ठरवलं. फोन हातात घेतला, ठेवला. पांडूकडे जायचं ठरवलं, पावसाळा लागला, रस्ता बंद झाला. मला हायसंच वाटलं. ताराबाई आजारी आहेत असं कळलं तेव्हा मात्र मी सकाळची बस धरून चंद्रपूरला आणि तिथून सावलीला गेलो. वाटेत काय म्हणायचं ते जुळवत गेलो.

त्या अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. हात बारीक झाले होते. मला पाहून सूप बाजूला ठेवलं.

"या जी वसंतभाऊ. गुडघे कसे हायेत?"

"चाललंय."

"अन् पार्टी?"

"तीही चाललीय."

"चालू द्या. बसा. आज वांग्याची भाजी हाये."

मी जेवलो. त्यांनी स्वतः दोन घासही घेतले नाहीत. शेजारच्या घरी कोणाचं लग्न ठरलं ते सांगितलं, मुलगी चंद्रपूरला ये म्हणते पण आपल्याला करमत नाही ते सांगितलं. चैतूचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. बसची वेळ झाली. त्या काठी घेऊन रस्त्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. मी नको म्हणत होतो. बस लांब वळणावर दिसली तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"वसंतभाऊ, काही सांगाचं होतं काय?"

चैतूच्या अंगणातल्यासारख्याच त्या थांबल्या होत्या. या वेळी ऐकायला त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "येत राहा."

बस थांबली. त्यांनी कंडक्टरला सांगितलं, आमच्या भाऊला खिडकीपाशी जागा दे, त्यांचे पाय दुखतात. बस निघाली तेव्हा त्या काठीवर दोन्ही हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, पदर डोक्यावर, धुळीमुळे डोळे बारीक केलेले. तेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

मी जुळवून नेलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. बाई, त्या दिवशी मी तुमच्या नावाने खोटं बोललो, आणि तुम्ही विचारायला थांबलात तेव्हाही गप्प बसलो. तुमचं कापड चैतूपर्यंत पोचलं नाही ते माझ्यामुळे. मला माफ करा. कंडक्टर तिकीट फाडत होता तोवर मी ते मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून पाहिलं. कुठेही अडलं नाही.